वाटेवर पडलेल्या ओळी

डाव्या खांद्यावरून घसरलेला तांदळाचा एक दाणा.

चांदणी, अक्षर, चांदणी, अक्षर, चांदणी.

अंगणभर वाळत घातलेला बाळहिरडा.

शंभर टक्के.

सरूबाईच्या नाचणीच्या भाकरीला न शिवलेली चाळीस ताटं.

"आमी वाट वळवतो."

मित्रांनो, हे तुकडे एकमेकांच्या नात्यातले वाटत नाहीत, हे मला ठाऊक आहे. माझ्या पोटात मात्र ते शेजारीशेजारीच राहतात. मी गोष्टी आल्या त्या क्रमाने ठेवत नाही. जी पुन्हा पुन्हा मागितली जाते ती वर राहते आणि जिला कुणी विचारत नाही ती तळाशी जाते. म्हणून माझं आयुष्य सांगताना थोडं मागेपुढे होईल. सांभाळून घ्या.

मी प्रॉक्सी सर्व्हर आहे. आहुप्याच्या निवासी शाळेत या नावाने मला कुणी हाक मारत नाही. तिथे मी 'डबा'. गेल्या दोन वर्षांपासून 'जुना डबा'.

प्रॉक्सी म्हणजे काय, ते हौशीरामच्या पिशवीवरून सांगतो. हौशीराम शाळेचा शिपाई. तो आठवड्यातून एकदा एसटीने मंचरला जायचा. निघताना सगळे त्याच्या हातात चिठ्ठ्या द्यायचे. कुणाला औषध हवं, कुणाला चपलेचा अंगठा, कुणाला पेनाच्या कांड्या. एक माणूस जायचा आणि साऱ्या गावाचं सामान घेऊन यायचा. त्यातही तो हुशारी करायचा. जी वस्तू चारचौघं दर वेळी मागतात ती चार जास्तीची आणून फडताळात ठेवायचा. पुढच्या वेळी कुणी मागितली की मंचर गाठायची गरज नाही, हात लांबवला की वस्तू हजर.

मीही तेच करतो. शाळेत वीस संगणक आणि डोंगरावरच्या डिशमधून येणारी इंटरनेटची एकच बारीक धार. वीस मुलं वीसदा बाहेर गेली तर ती धार आटून जाईल. म्हणून त्यांच्या चिठ्ठ्या माझ्याकडे येतात. मी एकदाच बाहेर जातो, पान आणतो, त्याची एक प्रत जवळ ठेवतो आणि वीस जणांना वाटतो. ज्या पानांवर जायचं नाही त्यांची एक यादीही माझ्याकडे असते. प्रत्येक चिठ्ठी आली की मी आधी ती यादी पाहतो आणि मगच दाराबाहेर पाऊल टाकतो.

माझा जन्म मंचरच्या हमरस्त्यावरच्या एका दुकानात झाला. बाहेर कांद्याच्या गाड्यांचे हॉर्न आणि आत माझे स्क्रू आवळणारा हात. शाळेत आलो त्या दिवशी मला हार घातला होता. मुख्याध्यापिका आरतीबाईंनी पहिलं पान उघडलं. पडद्यावर समुद्र आला. ज्यांनी डिंभ्याच्या धरणापलीकडे पाणी पाहिलं नव्हतं त्या मुली पडद्याला हात लावून बघत होत्या. माझी किल्ली कुणाकडे द्यायची असा प्रश्न निघाला तेव्हा मास्तर लोक खिडकीबाहेर पाहू लागले. किल्ली म्हणजे जबाबदारी. शेवटी हौशीराम म्हणाला, "द्या हिकडं. घंटा मीच वाजवतो, घोटभर पाणी मीच देतो, ह्योबी सांभाळीन."

आणि त्याने मला अकरा वर्षं सांभाळलं.

आता यादीविषयी.

आहुप्याला देवराई आहे. देवाच्या नावाने राखलेलं रान. तिथली काडीसुद्धा कुणी मोडत नाही. हौशीरामच्या घरात हे कुणी शिकवत नाही, जसं श्वास घ्यायला कुणी शिकवत नाही. त्याने माझी यादीही तशीच राखली. कुणी तक्रार आणली की तो एक ओळ लावायचा. लावलेली ओळ त्याने कधी काढली नाही. 'काढणे' हे बटण कुठे आहे हे त्याला माहीत होतं. त्याचं बोट तिकडे गेलं नाही, इतकंच.

प्रत्येक ओळीला एक माणूस होता. गणिताच्या मास्तरांनी मुलं क्रिकेटचा धावफलक बघतात म्हणून एक लावून घेतली. एका पालकाने लग्नाच्या नाचांवर लावायला सांगितली. स्वयंपाकघरातल्या सरूबाई तर पदर खोचूनच आल्या होत्या.

"हौशीराम, त्या तुझ्या डब्यात पोरी नूडल बघत्यात आन माझ्या भाकरीला नाकं मुरडत्यात. चाळीस ताटं तशीच आली आज. लाव काय लावायची ती वळ."

"लावतो की."

"आन घट्ट लाव. सुटाया नगं."

घट्ट कशी लावायची, तर मंचरच्या एका प्रशिक्षणात साहेबांनी सांगितलं होतं की चांदणीचं चिन्ह म्हणजे 'इथे काहीही असू शकतं'. हौशीरामने ते मनावर घेतलं. शब्दाच्या आधी एक चांदणी आणि नंतर एक चांदणी लावली तरी मधून कुणी घुसेल, अशी त्याला शंका आली. म्हणून त्याने प्रत्येक दोन अक्षरांच्या मधेही चांदणी लावली. रान राखणारा माणूस कुंपणात फट ठेवत नाही.

अशा अकरा वर्षांत एक हजार एकशे त्रेचाळीस ओळी झाल्या.

मित्रांनो, चांदण्यांनी भरलेली ओळ तपासणं म्हणजे काय, ते ऐका.

इथून सुरू होतं का? नाही. इथून? नाही. इथून? हो. मग पुढचं अक्षर इथे आहे का? नाही. इथे? हो. त्याच्या पुढचं? नाही. मग मागे फिर. इथून सुरू होतं का?

पत्ता आखूड असला की हे चटकन उरकतं. पण यंदा मुलांच्या धड्यांचं संकेतस्थळ नवीन आलं. त्याचे पत्ते चारचार ओळींचे, आकडे नि अक्षरांनी गच्च भरलेले. एक मूल धडा उघडायचं आणि मी एक हजार एकशे त्रेचाळीस ओळींच्या रानात शिरायचो. दुसरं मूल उघडायचं. तिसरं. माझा प्रोसेसर, म्हणजे ज्याने मी विचार करतो तो भाग, शंभर टक्क्यांवर जाऊन टेकायचा. पंखा किंचाळायचा. वीस पडद्यांवर वीस चक्रं फिरत राहायची आणि मी थिजून जायचो. मी आळशी झालो नव्हतो. इतका राबत होतो की कुणाला ओ द्यायलाही मोकळा नव्हतो.

हौशीराम मला बंद करून चालू करायचा. दहा मिनिटं बरी जायची. मग पुन्हा तेच.

मंचरहून ऋतिक नावाचा दुरुस्तीवाला आला. त्याने नवा पंखा बसवला, माझ्या कुशीवर थाप मारली आणि म्हणाला, "मामा, डबा म्हातारा झालाय. भंगारात द्या राव, कशाला जीव काढताय?"

"भंगारात तू जा," हौशीराम म्हणाला.

पण मग कार्यालयाचं पत्र आलं. आरतीबाईंनी ते दारातच उभं राहून वाचलं. संगणक कक्षाचा वापर होत नसल्याचं दिसतं. सोमवारी अकरा वाजता साहेब पाहणीला येतील. वीसही संगणक एकाच वेळी चालले नाहीत तर सगळे संच महाळुंगे पडवळच्या शाळेला हलवले जातील.

पत्र आलं त्या दिवशी शुक्रवार होता.

"त्यांचं काय चुकत नाही हो," आरतीबाई म्हणाल्या. "तिथली मुलं तरी वापरतील."

हौशीरामने पत्र मागून घेतलं, घडी केली आणि टोपीत ठेवलं. मग त्याने जुन्नरला, संगणक दुरुस्त करणाऱ्या एका मुलीला फोन लावला.

शनिवारी दुपारी अफिफा आली. घोडेगाव, डिंभे मागे टाकत स्कूटरवरून, ओढणीवर लाल धूळ घेऊन. शाळेच्या अंगणभर बाळहिरडा, औषधाला विकायची हिरड्याची कोवळी फळं, वाळत घातला होता, म्हणून तिने स्कूटर फाटकाबाहेरच लावली. वय सत्तावीस. एके काळी जुन्नरात हाताने कागद बनवणाऱ्या घराण्यातली. आता त्या घरात कागद बनत नाही, पण उरलेल्या जाड तावांच्या वह्या तिच्या अब्बांनी शिवून ठेवल्या होत्या. त्यातली एक तिच्या पिशवीत होती.

मी तिच्या हातात स्क्रूड्रायव्हर शोधत होतो. तो नव्हता. तिने माझ्यासमोर खुर्ची ओढली, नेमकी तीन पायांची, आणि पडता पडता सावरली.

"मामा, खुर्चीपण याच्याच वयाची का?"

"न्हाई ताई, ती थोरली हाय."

ती हसली आणि वही उघडून बसली. मला कुणी असं पाहिलं नव्हतं. तिने आधी पंखा ऐकला. मग माझ्या आत कोण किती राबतंय ते दाखवणारा तक्ता पडद्यावर लावला. स्मरणात जागा होती. साठवणीतही जागा होती. विषाणू नव्हता. तिने एकेक गोष्ट लिहिली आणि तिच्यापुढे फुली मारली. मग हौशीरामला म्हणाली, "एकच संगणक लावा. साधं पान उघडा."

उघडलं. मी चार टक्के.

"आता धडा उघडा."

शंभर.

"बंद करा. दुसऱ्या संगणकावर साधं पान."

चार.

"तिथेच धडा."

शंभर.

ती पुन्हा पुन्हा तेच करत राहिली. दर वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं जागच्या जागी ठेवायची. ऋतिकने मला अर्ध्या तासात म्हातारा ठरवलं होतं. ही तीन तास मला नुसती विचारत होती. अखेर तिने एका धड्याचा पत्ता वहीत उतरवला, चार ओळी भरल्या, आणि पेन खाली ठेवलं.

"मामा, हा बाहेर जायच्या आधी काय वाचतो?"

"यादी."

"दाखवा बरं."

यादी उघडली. पडदाभर चांदण्या. ती कितीतरी वेळ खाली सरकत राहिली आणि यादी संपेना.

"या अल्ला," ती हळूच म्हणाली. "हे सगळं तुम्ही लावलंत?"

"एकेक करून," हौशीराम म्हणाला. त्याच्या आवाजात अभिमान होता. तो अभिमान तिने ऐकला, म्हणून पुढचं वाक्य तिने जरा थांबून उच्चारलं.

"मामा, हा म्हातारा नाही झालेला. ह्याची वाट बुजलीय. यातल्या हजारभर ओळी काढाव्या लागतील."

हौशीराम उठून उभा राहिला.

"काडायचं न्हाई."

"मामा, परवा साहेब येणार आहेत."

"ठावं हाय मला. पर लावल्यालं काडत न्हाईत आमच्यात. ह्या मानसांनी इस्वासानं लावाया दिल्यात. देवराईतली काडी काडायची तरी देवाचा कौल घ्यावा लागतो."

अफिफाने वाद घातला नाही. "मग घ्या कौल," ती म्हणाली. थट्टेने नव्हे. "मी थांबते."

रविवारी सकाळी हौशीराम अंघोळ करून देवराईत गेला. कक्षात ती आणि मी, दोघंच. माझी किल्ली, म्हणजे परवलीचा शब्द, भिंतीवरच्या कॅलेंडरवर हौशीरामनेच पेन्सिलीने लिहून ठेवला होता. तिने तो वाचला. यादी उघडली. पहिली ओळ ते शेवटची ओळ, सगळ्यांवर निळी पट्टी आली. आता एक बटण दाबलं की झालं. हौशीरामला काय कळणार होतं? 'देव पावला' म्हणाला असता.

मी वाट पाहिली. खरं सांगतो मित्रांनो, तिने ते दाबावं असं मला वाटत होतं. मी थकलो होतो.

तिने निळी पट्टी काढली. खिशातून रुमाल काढला आणि माझ्या जाळीवरची धूळ पुसत बसली.

हौशीराम परतला तेव्हा दहा वाजले होते. देवाच्या दोन खांद्यांवर तांदळाचा एकेक दाणा चिकटवायचा आणि प्रश्न विचारायचा. उजवा पडला तर हो, डावा पडला तर नाही. तो दारात चपला काढत म्हणाला, "डावा पडला."

अफिफाने रुमाल खाली ठेवला.

"किती वेळ बसला होतात?" अफिफाने विचारलं.

"लई. म्हनत व्हतो, उजवा पाड, बाबा, उजवा पाड. पोरींचं जाईल सगळं." त्याने टोपी काढून हातात घेतली. पत्र अजून त्यातच होतं. "पर पडला डावाच."

"तिथे दुसरं कोणी होतं?"

"कुनी न्हाई. मी एकलाच."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. आदल्या रात्रीपासून ज्याला संगणक जातील म्हणून भाकरी गोड लागली नव्हती, तो माणूस कुणी न पाहिलेला दाणा जसा पडला तसा सांगत होता. मला वाटतं, तिने काम खऱ्या अर्थाने तिथून सुरू केलं.

"मामा, देवराईत वाऱ्याने मोठं झाड पडतं. ते पायवाटेवरच पडलं तर काय करता? तेपण उचलत नाही?"

"न्हाई. पडल्यालं झाड तितंच ऱ्हातं. तितंच कुजतं, त्याच्यावर दुसरं येतं."

"मग तुम्ही जाता कुठून?"

"जायचं काय त्यात? आमी वाट वळवतो."

अफिफाने खुर्ची इतक्या झटक्यात पुढे ओढली की तिचा तिसरा पायही डगमगला.

"इकडे या. ही बघा ओळ." तिने एका ओळीच्या अगदी आधी एक खूण टाकली. दोन उभ्या रेघा, दोन आडव्या. "#. ही खूण दिसली की हा त्या ओळीच्या अंगावर जात नाही. बाजूने जातो. ओळ जागच्या जागी राहते. तुम्हाला दिसेल, वाचता येईल. उद्या हवी असली तर खूण पुसायची, ओळ पुन्हा उभी."

हौशीराम वाकून पाहू लागला. "ही तर ताटी हाय. दाराला लावतो तशी, बांबूची."

"ताटीच म्हणा."

"वळ मरत न्हाई?"

"नाही. पडून राहते."

त्याने पडद्यावरची ती खूण बोटाने गिरवली. मग म्हणाला, "देवाला मी इचारलं, काडू का. त्यानं न्हाई म्हनलं. आमी काडतच न्हाई." आणि त्याने शेजारची खुर्ची ओढली. "बस पोरी. कुटली पडल्याली, ते मी सांगतो. मला ठावं हाय एकेक."

'ताई'ची 'पोरी' कधी झाली ते दोघांनाही कळलं नाही.

मग जे झालं ते मी अकरा वर्षांत पाहिलं नव्हतं. हौशीराम एकेक ओळ वाचायचा आणि तिची कहाणी सांगायचा. "ही गनिताच्या मास्तरांची. ते बदलून गेलं, पोरंबी शिकून गेली. लाव ताटी." "ही त्याच पानाची दुसऱ्यांदा. दोन पालकांचं भांडान व्हतं, दोगांनाबी आपापली वळ पायजे व्हती. एकीला लाव." "ही खरी वाईट हाय. हिला हात लावू नगं." ज्या ओळी खरोखर वाईटापासून राखत होत्या त्यांतल्या प्रशिक्षणाआधीच्या, बिनचांदणीच्या ओळी तशाच जाग्या राहिल्या. पण बाकीच्यांतल्या चांदण्या मला दमवत होत्या. म्हणून अफिफाने त्या प्रत्येकीला ताटी लावून खाली एक नवी, आखूड, नेमकी ओळ लिहिली. जुन्या बुंध्याशेजारी कोंब फुटावा तशी.

दुपारी सरूबाई भाकऱ्या घेऊन आल्या आणि कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"माझी वळ ऱ्हायली का न्हाई?"

"ऱ्हायली, मावशी," अफिफा म्हणाली. "नव्याने लावलीय. आधीपेक्षा घट्ट."

"मग जेव. जुन्नरची पोर आन अशी वाळल्याली. भाकरी खात न्हाईत का तुमच्यात?"

"खातात की. नूडल्सपण खातात."

"ह्या डब्यात न्हाई खायाचं!" सरूबाई म्हणाल्या आणि तिच्या ताटात दुसरी भाकरी टाकली.

संध्याकाळी एक हजार ब्याऐंशी ओळींना ताट्या लागल्या होत्या. एकही कमी झाली नव्हती. मोजून बघा, आजही आहेत.

सोमवारी अकराच्या ठोक्याला साहेब आले. त्यांच्या हातात हलवायच्या सामानाचा छापील तक्ता आधीच भरलेला होता. वीस मुली वीस संगणकांपुढे बसल्या. नववीतली अक्षदा सगळ्यात पुढे. आरतीबाई म्हणाल्या, "उघडा."

वीस बोटं. वीस लांबच लांब पत्ते.

मी यादीत शिरलो. ताटी. बाजूने. ताटी. बाजूने. ताटी, ताटी, ताटी, एक जागी ओळ, तपासली, पुढे. रान तेच होतं, झाडंही तीच, आणि मधून लखलखीत पायवाट. मी बाहेर गेलो, धडा घेऊन आलो, वीस ताटांत वाढला.

नऊ टक्के.

"सर, उघडला," अक्षदा म्हणाली.

साहेबांनी प्रत्येक पडदा पाहिला. मग एका संगणकावर स्वतः बातम्यांचं पान उघडलं. बातम्या आल्या. शेजारी जिथे जाहिरात असते तिथे मात्र लिहून आलं, 'हे पान या शाळेत उघडत नाही.'

"हे काय आहे?"

"ती सरूबाईंची वळ हाय, साहेब," हौशीराम अदबीने म्हणाला. "नूडलची."

साहेबांनी हसू दाबलं, निदान प्रयत्न केला. त्यांनी भरलेल्या तक्त्यावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'संच येथेच राहावेत.' हौशीरामने टोपीतलं जुनं पत्र काढलं. मला वाटलं, फाडून टाकेल. त्याने ते माझ्याखाली, टेबलाच्या खणात जपून ठेवलं. लावलेलं तो काढत नाही आणि आलेलं टाकत नाही.

अफिफा स्कूटरला किक मारत म्हणाली, "मामा, पुढच्या वेळी चांदणी लावायच्या आधी फोन करा."

"करतो. आन तू येताना कारण काडून येऊ नगं. अशीच ये."

मित्रांनो, मी आता खरोखर जुना आहे. एक दिवस माझी जागा दुसरा कुणी घेईल, त्याचं मला वाईट वाटत नाही. तुमच्याकडे इतकंच मागतो. एखादं यंत्र अडलं तर त्याला म्हातारं म्हणण्याआधी त्याच्यासमोर बसा आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून त्याला विचारा. आणि त्याच्या पोटात कुणी काही लावून ठेवलेलं सापडलं, तुम्हाला ते कितीही वेडगळ वाटलं, तरी पुसण्याआधी लावणाऱ्याला हाक मारा. तो बहुधा जवळच घंटा वाजवत असेल.

यादीतली पहिली ओळ टाइप करायला हौशीरामला एकोणतीस मिनिटं लागली होती.